इंग्रजीच्या आधारानं फ्रेंच शब्द शिकताना: आयतं काय मिळतं, घात कुठे होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरूड तालुक्यातल्या एका गावात राहणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि पुढे इंग्रजीत शिकलेली विद्यार्थिनी घरच्या घरी फ्रेंच शिकते आहे. तिला डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी द्यायची आहे. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा फ्रेंच शब्द अशा जोड्या लिहून ती पाठ करते. वाचताना शब्द ओळखू येतात, पण स्वतःचं वाक्य करायला घेतलं की चुकतं. ही पद्धत चालू ठेवावी का, आणि इंग्रजी येत असल्याचा नेमका किती फायदा होतो?

इंग्रजी टाकू नका, पण वहीतली तिची जागा बदला. फ्रेंच शब्द ओळखण्यासाठी इंग्रजीसारखा दुसरा आधार नाही. अर्थ धरून ठेवायला आणि उच्चाराला मात्र मराठीच घ्या. डावा रकाना मराठीचा करा आणि इंग्रजी शब्द कोपऱ्यात, खूण म्हणून ठेवा. तसं का, ते पुढे सविस्तर येतंच. फ्रेंच शब्दांचे उच्चार खाली देवनागरीत दिले आहेत, स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत उतरवा. 'आँ', 'ओं' आणि 'अँ' हे तीन स्वर नाकातून म्हणायचे, शेवटी म किंवा न उच्चारायचा नाही. 'यु' असं जिथे लिहिलंय तिथे ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल करून 'ई' म्हणायची.

आधी इतक्या शब्दांचं गोत्र एक कसं, ते पाहू. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडची गादी घेतली. पुढची दोन-तीनशे वर्षं तिथला दरबार, न्यायालयं आणि बडे जमीनदार यांची भाषा फ्रेंच राहिली. खटले इंग्रजीत चालावेत यासाठी १३६२ मध्ये कायदा करावा लागला, आणि तो कायदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. आपल्याकडे तहसील, वकील, दावा, जप्ती, हुकूम हे शब्द राज्यकारभारासोबत फारसीकडून आले आणि नांगर, वखर, तिफण मात्र आपलेच राहिले, तसंच तिकडे घडलं. कोर्ट, जज, जस्टिस, प्रिझन, गव्हर्नमेंट, टॅक्स हे सगळे फ्रेंचकडून इंग्रजीत गेले. पाणी, पाऊस, भाकर, घर, शेत, बियाणं यांचे इंग्रजी शब्द फ्रेंचकडून आलेले नाहीत. म्हणून 'गुव्हेर्नमाँ' तुम्हाला पहिल्या दिवशी कळतो, पण पाण्याला 'ओ', पावसाला 'प्लुई', घराला 'मेझों', शेताला 'शाँ' आणि बियाला 'ग्रेन' म्हणतात हे नव्यानंच पाठ करावं लागतं. ए-१ परीक्षा घर, जेवण, वेळ, बाजार, कुटुंब यांवर असते. तिथे आयते शब्द कमी पडतात. वर्तमानपत्रातली बातमी मात्र इंग्रजीच्या जोरावर अर्धीअधिक लागते. वाचता येतं पण बोलता येत नाही, ही तुमची अडचण इथूनच सुरू होते.

आता आयतं काय मिळतं ते बघू. शब्दांच्या शेपट्या ओळखायला शिका. एकेक शब्द पाठ करण्यापेक्षा यात वेळ फार वाचतो आणि सोबत लिंगही कळतं.

इंग्रजीत 'शन' असा शेवट असलेला शब्द फ्रेंचमध्ये बहुधा त्याच स्पेलिंगचा असतो, फक्त उच्चार 'सिओं' होतो: 'नासिओं', 'इरिगासिओं', 'सोल्युसिओं'. हे शब्द स्त्रीलिंगी. 'बास्तिओं'सारखा, म्हणजे बुरूज, एखादा अपवाद सोडला तर नियम पक्का आहे. 'टी'वर संपणारे 'ते'वर जातात आणि तेही जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी: 'कालिते', 'युनिव्हेर्सिते', 'एलेक्त्रिसिते', 'सोसिएते'. 'मेंट'वाले 'माँ' होतात आणि पुल्लिंगी असतात. 'एज'वाले 'आझ' होतात, तेही पुल्लिंगी: 'व्हिलाझ', 'मारिआझ'. पण चित्र या अर्थाचा 'इमाझ', पानासाठीचा 'पाझ', समुद्रकिनाऱ्याचा 'प्लाझ' आणि पिंजऱ्याचा 'काझ' हे स्त्रीलिंगी आहेत. परीक्षेत नेमके हेच येतात. 'अन्स' किंवा 'एन्स'वर संपणारे स्त्रीलिंगी, त्यात 'सिलाँस' म्हणजे शांतता हा एक पुल्लिंगी. 'इझम'वाले सगळे पुल्लिंगी.

इतर शेवटांचंही तसंच. डिक्शनरी, नेसेसरी, सॅलरी यांचा शेवट 'एर' होतो: 'दिक्सिओनेर', 'नेसेसेर', 'सालेर'. लॅबोरेटरी, हिस्टरी, व्हिक्टरी यांचा 'वार': 'लाबोरातवार', 'इस्तवार', 'व्हिक्तवार'. डेंजरससारख्या शब्दाची दोन रूपं होतात, पुल्लिंगी 'दाँझरो' आणि स्त्रीलिंगी 'दाँझरोझ'. नॅशनलचं 'नासिओनाल' आणि त्याचंच पुल्लिंगी अनेकवचन 'नासिओनो'. 'ली' लावून होणारी इंग्रजी क्रियाविशेषणं 'माँ' घेतात, पण तो विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाला लागतो: हळू या अर्थाचं 'लाँ', स्त्रीलिंगी 'लाँत', म्हणून हळूहळू म्हणजे 'लाँतमाँ'. क्रियापदांत 'आइझ'चं 'इझे', 'फाय'चं 'फिए' आणि 'इश'चं 'ईर' होतं: 'ऑर्गानिझे', 'व्हेरिफिए', 'फिनीर', 'प्युनीर'.

इथे एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. नियम लावून तयार केलेला शब्द शब्दकोशात दिसेपर्यंत तो फक्त अंदाज असतो. भाषांतराला फ्रेंचमध्ये 'त्राद्युक्सिओं' म्हणतात. ट्रान्सलेशनचं सरळ फ्रेंच रूप करून वापरलं तर त्याचा अर्थ वस्तू एका जागेवरून दुसरीकडे सरकवणं असा होतो. एक्स्प्लनेशनचं 'एक्स्प्लिकासिओं' होतं. सुट्टीसाठी 'व्हाकाँस', आणि तो नेहमी अनेकवचनीच. वाचताना अंदाज बेधडक लावा, लिहिताना मात्र आधी तपासून घ्या.

दुसरी मोठी किल्ली म्हणजे हरवलेला एस. फ्रेंचमध्ये काही स्वरांच्या डोक्यावर छोटी टोपी असते. पुष्कळदा तिथे पूर्वी एस होता. तो उच्चारातून गेला, पण इंग्रजीत शाबूत राहिला. फॉरेस्टचं 'फोरे', हॉस्पिटलचं 'ओपिताल', फीस्टचं 'फेत' म्हणजे सण, बीस्टचं 'बेत' म्हणजे जनावर, इंटरेस्टचं 'अँतेरे', अरेस्टचं 'आरे'. हा शेवटचा रोजच्या उपयोगाचा आहे, कारण बसथांब्याला 'आरे द ब्युस' म्हणतात. टोपी दिसली की तिथे एस घालून बघा, अर्ध्या वेळी इंग्रजी शब्द समोर येतो. त्याच कुळातल्या लांब शब्दांत तो एस परत दिसतो: जंगलासंबंधीचं विशेषण 'फोरेस्तिए', सणाचा 'फेस्तिव्हाल'. शब्दाच्या सुरुवातीला वर तिरकी रेघ असलेला ई दिसला तरी हाच प्रयोग करा. स्कूलचं 'एकोल', स्टुडंटचं 'एत्युदियाँ', स्टेटचं 'एता', स्पाइसचं 'एपिस', स्टेबलचं 'एताब्ल', म्हणजे गोठा. मात्र 'तेआत्र्' किंवा वयासाठीचा 'आझ' यांच्या टोपीखाली एस शोधू नका, तो तिथे निघत नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर आय आणि यू या दोन अक्षरांवरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक झाली आहे, त्यामुळे एकच शब्द एका पुस्तकात टोपीसह आणि दुसऱ्यात टोपीविना दिसला तर गोंधळू नका.

तिसरी किल्ली लहान आहे. काही शब्दांत इंग्रजी डब्ल्यूच्या जागी फ्रेंचमध्ये जी-यू येतो. वॉरचं 'गेर', वास्पचं 'गेप' म्हणजे गांधीलमाशी, आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्या विल्यमचं फ्रेंच नाव 'गियोम'.

उच्चाराच्या बाबतीत इंग्रजी पूर्ण विसरा. इंग्रजी शब्द म्हणताना आपण ट आणि ड वापरतो. फ्रेंचमध्ये ते मराठीतले त आणि द असतात, जीभ वरच्या दातांना लावून. डॉक्टरचा 'दोक्तर', टेबलाचा 'ताब्ल', ट्रॅक्टरचा 'त्राक्तर'. प, त, क म्हणताना हवा सुटत नाही, आपल्या पान, ताट, काम यांतल्यासारखेच ते कोरडे. मराठी माध्यमातल्या मुलांना हे आपोआप जमतं, फक्त समोर इंग्रजीसारखं स्पेलिंग दिसलं की जीभ ट-डकडे घसरते. त्यामुळे नवा शब्द आधी कानानं ऐका, मग बघा. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुधा मुकी असतात, एच तर कायमच मुका. र गळ्यातून येतो, उर्दू गझलेतल्या ग़च्या जवळचा. जोर शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो, इंग्रजीसारखा मध्येच कुठे नाही.

आता फसव्या शब्दांकडे येऊ. दिसायला इंग्रजी, अर्थ वेगळा. यांच्या भल्या मोठ्या याद्या मिळतात, पण यादी पाठ करून उपयोग होत नाही, कारण वाक्यात शब्द वेगळ्याच ओळीतून समोर येतो. प्रसंग धरून शिका.

शाळा-परीक्षेपासून सुरू करू. एखाद्या परीक्षेसाठी 'पासे' वापरलं तर अर्थ परीक्षा देणं. पास होण्याला 'रेयुसीर' म्हणतात. परीक्षेला बसून आल्याबरोबर 'पासे' लिहिलं तर ते बरोबर आहे, पण निकाल लागल्यावर तेच लिहिलं तर वाचणाऱ्याला निकाल कळतच नाही. 'कोलेझ' म्हणजे साधारण अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची शाळा, त्यापुढची 'लिसे'. आपलं ज्युनिअर कॉलेज सांगायचं असेल तर 'लिसे' म्हणा. 'बाकालोरेआ' ही 'लिसे'च्या शेवटची परीक्षा आहे, बॅचलर पदवी नव्हे, आणि पदवीला 'लिसाँस' म्हणतात. 'लिब्रेरी' पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय 'बिब्लिओतेक'. 'लेक्त्युर' म्हणजे वाचन. 'स्ताझ' म्हणजे कामाचं प्रशिक्षण, नाटकाचा मंच नव्हे.

शेती-बाजारातले फसवे शब्द तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचे, कारण तोंडी परीक्षेत घरच्यांच्या कामाबद्दल विचारतात. 'लाबूर' म्हणजे नांगरट. काम या अर्थी 'त्राव्हाय' वापरतात, मजूर सांगायला 'लाबूर' कधीच नाही. 'क्युल्त्युर' म्हणजे संस्कृती आणि पिकाची लागवडही, म्हणून 'क्युल्त्युर द्यु कोतों' म्हणजे कपाशीची लागवड. 'रेझँ' म्हणजे ताजी द्राक्षं, मनुक्याला 'रेझँ सेक' म्हणजे सुकी द्राक्षं. 'लोकासिओं' म्हणजे भाड्यानं देणं-घेणं, 'लोकासिओं द त्राक्तर' म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर. 'मोने' म्हणजे चिल्लर किंवा चलन, पैशाला 'आर्झाँ'. 'मागाझँ' हे दुकान. 'पेत्रोल' जमिनीतून निघणारं कच्चं तेल, पंपावर मिळतं ते 'एसाँस'. संत्र्याचं बघा. 'ओराँझ' म्हटलं की फ्रेंच माणसासमोर घट्ट सालीचं, मोसंबीच्या कुळातलं फळ येतं. तुमच्या वरूड-मोर्शीकडचं, साल हातानं सुटणारं नागपुरी संत्रं शास्त्रीय वर्गीकरणातही मँडरिन आहे, म्हणून त्याला 'माँदारीन' म्हणा. संत्र्याचा रस टिकवण्याबद्दल बोलताना प्रिझर्व्हेटिव्हचं फ्रेंच रूप 'प्रेझेर्व्हातीफ' चुकूनही वापरू नका. त्याचा अर्थ निरोध होतो. टिकवणारा पदार्थ म्हणजे 'कोंसेर्व्हातर'.

क्रियापदांतली फसगत सगळ्यांत जास्त नडते. 'आताँद्र' म्हणजे वाट पाहणं, तर हजर राहणं म्हणजे 'आसिस्ते'. 'रेस्ते' म्हणजे थांबणं, राहणं, विश्रांती नव्हे. 'दमाँदे' म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं, त्यात दरडावणी नाही. 'ब्लेसे' म्हणजे जखमी करणं. 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या. 'साँसीब्ल' म्हणजे हळवा. 'देसेप्सिओं' म्हणजे निराशा, फसवणूक नव्हे. डॉक्टरला 'मेदसँ' म्हणतात, औषधाला 'मेदिकामाँ'.

इंग्रजी मधे घातल्यामुळे होणारं आणखी मोठं नुकसान या फसव्या शब्दांत नाही, ते इंग्रजीच्या अनेक अर्थांच्या शब्दांत आहे. वहीत 'वेल' लिहून पुढे फ्रेंच शब्द लिहिलात तर तो विहिरीचा 'प्वी' आहे की बरं या अर्थाचा 'बिअँ', हे महिन्याभरानं आठवणार नाही. 'प्लँट' म्हणजे रोप 'प्लाँत' की कारखाना 'युझीन'? 'लाइट' म्हणजे उजेड 'ल्युमिएर' की हलका 'लेझे'? मराठीत विहीर लिहिलं की तिला एकच उत्तर आहे.

वेळेचं उदाहरण जरा जवळून पाहा. इंग्रजीत 'टाइम' या एका शब्दावर भागतं. फ्रेंचमध्ये तीन शब्द लागतात. माझ्याकडे वेळ नाही, इथे 'ताँ'. किती वाजले, इथे 'अर'. तीनदा गेलो, इथे 'फ्वा'. मराठीत वेळ, वाजणं आणि -दा अशा तीन जागा आधीच वेगळ्या आहेत, फक्त त्यांत फ्रेंच शब्द बसवायचा. शिवाय 'ताँ'चा दुसरा अर्थ हवामान.

'नो' या इंग्रजी क्रियापदाचंही तसंच. माणूस किंवा गाव ओळखणं म्हणजे 'कोनेत्र्', एखादी गोष्ट माहीत असणं किंवा करता येणं म्हणजे 'साव्हवार'. मला पोहता येतं, यात आपण 'येतं' म्हणतो तिथे फ्रेंच माणूस 'साव्हवार' वापरतो. इंग्रजीतून आलात तर इथे उगाच 'कॅन'चा शब्द शोधत बसाल. 'यू'मुळे तू आणि तुम्ही यांतला फरक बुजतो, फ्रेंचमध्ये तो 'त्यु' आणि 'व्हू' असा जिवंत आहे, आणि वापर जवळपास आपल्यासारखाच: शिक्षक, दुकानदार, अनोळखी मोठी माणसं यांना 'व्हू'. 'ओं' हा छोटासा शब्द बोलण्यात सारखा येतो. त्याचा सगळ्यांत जवळचा अर्थ आपण असा आहे, 'ओं-नी व्हा' म्हणजे जाऊ आपण.

भूक आणि तहान यांची वाक्यं इंग्रजी वळणानं केलीत तर चुकतात. फ्रेंचमध्ये भूक ही असणारी वस्तू आहे, 'झे फँ' म्हणजे माझ्याकडे भूक आहे. वयही तसंच, 'झे व्हँताँ' म्हणजे माझ्याकडे वीस वर्षं आहेत. इंग्रजी 'आय अ‍ॅम'च्या धर्तीवर इथे 'झ सुई' लावलं की चूक, आणि ए-१ च्या लेखनात ही चूक सर्रास दिसते. आवडण्याचं क्रियापद 'प्लेर' मात्र थेट मराठीसारखं चालतं: 'सा म प्ले', ते मला आवडतं. कर्ता मी नाही, ती गोष्ट.

वऱ्हाडी बोलण्याचा इथे फायदाच होतो. फ्रेंच वर्तमानकाळाचं एकच रूप 'झ माँझ' हे जेवतो आणि जेवतोय या दोन्हींना चालतं. इंग्रजीतून येणारे 'आयएनजी'साठी वेगळं काहीतरी जोडू पाहतात आणि 'झ सुई माँझ' असं तिथे नसलेलंच वाक्य तयार करतात. अगदी या घटकेला चालू आहे हे ठासून सांगायचं असेल तेव्हाच 'झ सुई आँ त्रँ द माँझे' म्हणायचं, आणि त्याचा सूर मी जेवून राहिलो या आपल्या वऱ्हाडी वाक्याशी नेमका जुळतो.

नदीच्या शब्दातही फरक आहे. जी नदी थेट समुद्राला मिळते तिला 'फ्लव्ह' आणि जी दुसऱ्या नदीला मिळते तिला 'रिव्हिएर' म्हणतात. त्यामुळे वर्धा ही 'रिव्हिएर', कारण ती वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि पुढे गोदावरीत जाते. गोदावरी 'फ्लव्ह'. पूर्णा 'रिव्हिएर', तापी 'फ्लव्ह'. नात्यांत उलटी गत आहे. आपल्या मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना 'ताँत' एवढाच शब्द. तिथे मराठीतला बारकावा सोडून द्यावा लागतो, वेगळा शब्द शोधत बसू नका. गावाकडचे आणखी थोडे शब्द, यांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजीचा आधार नाही: ज्वारी 'सोर्गो', हरभरा 'प्वा शिश', तूर 'प्वा दाँगोल', सोयाबीन 'सोझा', मिरची 'पिमाँ', हळद 'क्युर्क्युमा', खत 'आँग्रे', सुगी किंवा पीककापणी 'रेकोल्त'. बैल 'बफ', पण अनेकवचनात एफ मुका होऊन नुसतं 'बो' उरतं: बैलजोडी म्हणजे 'यून पेर द बो'.

लिंगाबद्दल वेगळं सांगायला हवं. विशेषण नामाप्रमाणे बदलणं आपल्याला नवं नाही, चांगला-चांगली आपण दिवसभर करतो. घात होतो तो मराठीतलं लिंग तिकडे नेल्यामुळे. चंद्र पुल्लिंगी, पण 'ल्युन' स्त्रीलिंगी. बस स्त्रीलिंगी, पण 'ब्युस' पुल्लिंगी. इंग्रजी शब्द तर लिंगाबाबत काहीच सांगत नाही. त्यामुळे फ्रेंच शब्द कधीच एकटा लिहायचा नाही, सोबत उपपद, म्हणजे पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला', हवंच. स्वरानं किंवा मुक्या एचनं सुरू होणाऱ्या शब्दापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून नुसता एल उरतो आणि लिंग झाकलं जातं. अशा शब्दांना वहीत 'अँ' किंवा 'यून' लावा: 'यून एकोल', 'अँ-न ओपिताल'. ही एक सवय लागली तरी निम्म्या चुका कमी होतील.

वहीचं पान असं आखा. पहिल्या रकान्यात मराठी, नुसता शब्द नको, दोन-तीन शब्दांचा तुकडा: विहिरीचं पाणी, परीक्षा दिली, तीनदा. दुसऱ्यात उपपदासह फ्रेंच. तिसऱ्यात इंग्रजी नातेवाईक असेल तरच, आणि त्यापुढे खूण: अर्थ जुळत असेल तर बरोबरची, फसवा असेल तर लाल फुली. चौथ्यात स्वतःच्या घरातलं किंवा गावातलं एक छोटं वाक्य. रोज दहा-बारा शब्द पुरेत. त्यांतले तीन-चार नातेवाईकवाले, उरलेले इंग्रजीशी संबंध नसलेले असू द्या. उलट प्रमाण ठेवलं तर वही भराभर भरते आणि खूप येतंय असं वाटतं, पण बोलताना 'असणं', 'जाणं', 'घेणं', 'ठेवणं' यांचेच शब्द सापडत नाहीत. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी, आणि नेहमी मराठी रकाना उघडा ठेवून फ्रेंच झाकून. उलट्या दिशेनं, म्हणजे फ्रेंच बघून अर्थ सांगणं, हे इंग्रजीच्या जोरावर फसवं सोपं जातं, त्यात तयारी कळत नाही.

शब्दकोश म्हणून लारूसचा मोफत ऑनलाइन कोश घ्या, त्यात उच्चारही ऐकता येतो. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज येतं. ए-१ ला ते जड जाईल, पण 'सिओं' आणि 'ते'वाले शब्द कानानं पकडायचा सराव त्यावर उत्तम होतो. नेटवर्क धड नसेल तर जिथे मिळतं तिथे ध्वनिफीत उतरवून ठेवा आणि घरी ऐका. फोनच्या कीबोर्डमध्ये फ्रेंच भाषा जोडून घ्या, ई दाबून धरला की चिन्हांसह त्याची सगळी रूपं वर येतात. चिन्ह गाळणं ही स्पेलिंगची चूकच आहे.

स्पेलिंगमध्ये इंग्रजीची सवय ठरावीक जागी आडवी येते. अ‍ॅड्रेसमध्ये इंग्रजीत दोन डी, फ्रेंचमध्ये एक. अपार्टमेंटमध्ये फ्रेंचला दोन पी. एक्झाम्पलमध्ये मधला ए नाही, ई. रिस्पॉन्सिबल आणि इंडिपेंडंट यांत जिथे इंग्रजी अनुक्रमे आय आणि शेवटचा ई लिहिते, तिथे फ्रेंचमध्ये ए. मॅरेजला फ्रेंचमध्ये एकच आर. वार, महिने आणि भाषांची नावं वाक्याच्या मध्ये आली तर लहान अक्षरानं सुरू होतात.

ए-१ परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकी २५, एकूण १०० गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. वाचनात तुमचं इंग्रजी गुण मिळवून देईल, त्यामुळे तयारीचा जास्त वेळ लेखन आणि बोलणं यांना द्या. लेखनात एक अर्ज भरायचा असतो आणि साधारण ४० शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा असतो. अर्जावर 'नों' असं लिहिलेलं असेल तिथे आडनाव भरायचं, स्वतःचं नाव 'प्रेनों'च्या पुढे.